पारड्यांची अदलाबदल

"तिथेच का थांबलात? पुढचं वाचा ना!"

मोठ्या जाऊबाईंचा आवाज खालच्या दुकानातून जिना चढून आला आणि पाठोपाठ त्या स्वतः. हातात गंज पुसायचं फडकं तसंच. मोठे दीर जेवणाच्या टेबलाशी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले होते आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचत होते. इसहाकासाठी बायको शोधायला निघालेला तो म्हातारा चाकर, विहिरीपाशी त्याने केलेली प्रार्थना, आणि प्रार्थना संपते न संपते तोच घडा घेऊन आलेली मुलगी. हे वाचन आम्हा वर बसलेल्यांसाठी नव्हतंच. जिन्याखाली ऐकू जावं म्हणून चाललं होतं.

"देवाने दाखवली की नाही? अगदी ही बघ म्हणून?" दीर म्हणाले. "मग आपल्या बारकीच्या बाबतीत दाखवलं तर तुझ्या पोटात का दुखतं?"

"दाखवली. मान्य. आता पान उलटा. मुलीच्या घरच्यांनी पुढे काय केलं?"

दिरांनी पान उलटलं नाही.

"मी सांगते. मुलीला हाक मारली आणि विचारलं, बाई, जाशील का या माणसाबरोबर? देवाने दाखवून झाल्यावर विचारलं हो! चाकराला राग आला नाही. देवालाही आला नाही. तुम्हालाच तेवढा येतो."

"तू प्रत्येक गोष्टीत माप काढतेस. देव बोलतो तेव्हा माणसाने गप्प बसायचं असतं."

"देव बोलतो तेव्हा बसेन. आत्ता तुम्ही बोलताय."

सासूबाई खिडकीशी मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मला विचाराल तर देव मला काही बोललेला नाही. आणि बोलला असला तरी या कानाने ऐकू आलं नसतं. जरा मोठ्याने बोल म्हणावं."

मला हसू आलं, पण मोरीशी उभ्या असलेल्या बारकीकडे बघून ते मी गिळलं. ती एकच कप पुन्हा पुन्हा धूत होती.

झालं होतं ते असं. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, धाकटे पाळक आदल्या रविवारी उपासना संपल्यावर दिरांना बाजूला घेऊन म्हणाले होते, की उपासात प्रार्थना करताना प्रभूने मला स्पष्ट सांगितलं, तुमची मुलगी हीच माझी बायको. दीर घरी आले ते डोळे पुसतच. त्यांच्या मते लग्न ठरलं होतं. तारीख तेवढी बाकी होती. बारकीला कुणी काही विचारलं नव्हतं. देवानेच सांगितल्यावर विचारायचं काय?

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक. उंचीने दाराच्या चौकटीला लागते, दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस म्हणून नोकरी करते, तरी घरात बारकीच.

आता आमच्या जाऊबाईंबद्दल सांगायला हवं. मी त्यांची धाकटी जाऊ. आमचे हे सदा फिरतीवर, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य नवऱ्यापेक्षा जावेबरोबर गेलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाजारात त्यांना काटेवाली म्हणतात. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांच्या वडिलांचा धंदा. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी यांनाच शिकवला. वडील गेल्यावर त्या सगळी हत्यारं टोपलीत घालून सासरी घेऊन आल्या. सासूबाईंनी तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. सुनेने सोनं आणायचं, ही गंज घेऊन आली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. जाऊबाई उलटून बोलल्या नाहीत. खालची समोरची खोली धुऊन काढली, तिथे लांब बाक टाकला आणि रस्त्याकडची फळी उघडली. पुढे पुढे त्याच सासूबाई गिऱ्हाइकाला वरून ओरडून सांगू लागल्या, "थांब, जाऊ नकोस, येतेय ती!"

त्यांचं काम बघत बसावं असं. काटा समोर आला की त्या आधी त्यावर काहीच ठेवत नाहीत. दोन्ही पारडी रिकामी ठेवून नुसत्या बघतात. दांडी एका बाजूला झुकली, की तो पासंग. म्हणजे माल ठेवायच्या आधीच एका पारड्यात काहीतरी आहे. कधी तळाला चिकटलेला गूळ असतो, कधी मुद्दाम डकवलेला शिशाचा तुकडा, कधी नुसती झीज. "रिकामा काटा खोटं बोलत असेल तर भरलेल्याचं ऐकायचं कशाला?" असं त्या म्हणतात. पासंग काढला की मग दुसरी परीक्षा. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला माल, दांडी सरळ. एवढ्यावर त्या काटा सोडत नाहीत. अदलाबदल करतात. मालाच्या पारड्यात वजन आणि वजनाच्या पारड्यात माल. दांडीच्या दोन बाजूंत केसाइतका फरक असला तर तो इथे उघडा पडतो. सरळ दिसणारा काटा अदलाबदलीत वाकडा निघाला, की त्यांचा चेहरा खुलतो. चोर सापडावा तसा.

एकदा बाजारातला एक मोठा व्यापारी आला आणि हसत म्हणाला, बाई, थोडा पासंग राहू दे माझ्या बाजूने. त्याही हसल्या. काटा उचलून त्याच्या हातात दिला आणि फळी लावून घेतली. त्याच्या ओळखीतली सगळी गिऱ्हाइकं तुटली. कितीतरी महिने आमच्याकडे चहात दूध बेताचंच पडायचं. पण उपासनेत पहिल्या बाकावर त्या अशा ताठ बसायच्या, की शेजारी बसताना माझीही पाठ आपोआप सरळ व्हायची.

दिरांवरही अन्याय व्हायला नको. नोकरी अचानक सुटली तेव्हा हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता. तंबाखूचा बार भरायचा आणि बसायचं. त्यांना उठवलं ते धाकट्या पाळकांच्या प्रार्थनेच्या गटाने. एक दिवस घरी येऊन म्हणाले, प्रभूने मला तंबाखू सोडायला सांगितली. आणि सोडली! पुन्हा तोंडाला लावली नाही. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण त्यानंतर प्रभू त्यांच्याशी वरचेवर बोलू लागला. बाहेरच्या खोलीला हिरवा रंग द्यावा, हेही प्रभूनेच सांगितलं. रंगवलं मात्र जाऊबाईंनी आणि मी. सासूबाई म्हणाल्या, "देव लेकाशी बोलतो, ब्रश मात्र सुनांच्या हातात देतो."

हिरव्या रंगापर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. आता गोष्ट पोरीच्या आयुष्याची होती.

त्या दिवशी दुपारी बारकी माझ्या खोलीत आली. वाळलेल्या चादरी घडी घालायच्या होत्या. एक टोक तिने धरलं, एक मी.

"काकू, ते वाईट नाहीत गं," ती म्हणाली.

"कोण म्हणतं वाईट आहेत?"

"चांगलं बोलतात. गरिबांच्या घरी जातात. पण मला त्यांच्याशी लग्न करावंसं वाटत नाही. का ते सांगता येत नाही. वाटत नाही एवढंच." तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "त्यांनी स्वतः मागणी घातली असती तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं. पण देव खरंच बोलला असेल तर? मग मी नाही कुणाला म्हणतेय? आईसारखी खात्री माझ्याजवळ नाही. बाबांसारखीही नाही."

मी तिला उशांचे अभ्रे दिले घडी घालायला.

दोन दिवसांनी धाकटे पाळक दुकानात आले. जाऊबाईंनी बोलावलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन खाली गेले आणि तिथेच घुटमळले. कुणी जा म्हटलं नाही. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, हाताची नखं स्वच्छ. बाकावर बसताना त्यांनी मापं हलकेच बाजूला सरकवली, ते मला आवडलं.

"तुम्हाला विश्वास नाही असं कळलं," ते म्हणाले.

"देवावर आहे. तुमच्यावरही आहे. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणणार नाही." जाऊबाईंनी हातातली पितळी पारडी खाली ठेवली. "मला फक्त एक अदलाबदल करून बघायची आहे. समजा, मंडळीतली कुणी बाई तुमच्याकडे आली. तुमच्या मनात नसलेली. आणि म्हणाली, प्रभूने मला सांगितलंय, तुम्हीच माझे नवरे. तर तुम्ही काय कराल? तारीख ठरवाल?"

पाळकांनी तोंडाशी नेलेला कप खाली आणला.

"मी प्रार्थना करेन," ते म्हणाले.

"आणि?"

"शास्त्रात बघेन. वडीलधाऱ्यांना विचारेन. माझ्या मनाला ती शांती मिळते का ते..." ते थांबले. कानापर्यंत लाल झाले.

"म्हणजे तिचं ऐकून लगेच आमेन म्हणणार नाही."

"नाही."

"का? देव बाईमाणसाशी बोलत नाही?"

"तसं नाही, काकू." त्यांनी कप बाकावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मी तिला विचारलंच नाही. देवाने सांगितल्यावर पुन्हा तिला विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं. म्हणून आधी तिच्या बाबांनाच सांगितलं."

मला त्या माणसाची दया आली. एवढा भक्तिभाव, आणि त्या भक्तीच्या भरात मुलीला विचारायचंच राहून गेलं. दुसऱ्या कुणा तरुणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्याने आधी मुलीलाच गाठलं असतं.

"त्यांना ती आवडते का, एवढंच विचारते," जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मग त्यांच्याकडे वळल्या. "म्हणजे उपासाच्या आधीपासून?"

"आवडते," पाळक म्हणाले. "खूप आधीपासून."

"मग पारडं रिकामं नव्हतं, बाळा."

हे त्या इतक्या मऊपणे म्हणाल्या, की त्यांना टोचलं नसावं. ते उठले. रविवारी उपासनेनंतर मी तिलाच विचारेन, ती सांगेल ते ऐकेन, असं म्हणाले आणि मान खाली घालून निघून गेले. चहा अर्धा तसाच राहिला.

संध्याकाळी दिरांना ते कळलं आणि घर पेटलं.

"पाळकाला काट्यावर चढवलंस! अभिषेक झालेल्या माणसाला!"

"चढले, उतरले, गेले. मोडले नाहीत."

"तुला कळणारच नाही. तुला आयुष्यात कधी काही ऐकू आलेलं नाही, म्हणून तू पुस्तकाला चिकटून बसतेस. ज्याला पोहता येत नाही तो काठ सोडत नाही."

जाऊबाई बटाटे सोलत होत्या. सुरी थांबली.

"आलंय ऐकू," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी चांगला कान पुढे केला. बारकी दारात उभी होती.

"तुम्ही दवाखान्यात होतात, डॉक्टरांनी हात टेकले होते तेव्हा. मी बाहेरच्या बाकावर होते. तुम्ही मला आत्ता जेवढे स्पष्ट ऐकू येताय, त्याहून स्पष्ट."

"काय ऐकलंस?"

"ते माझं आहे."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मंडळीत साक्ष दिली असतीस! मी वाचणार हे देवाने तुला आधीच..."

"तुम्ही वाचाल असं त्यात नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या. "तुम्ही गेला असतात तरी ते खरंच राहिलं असतं. आणि मला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं."

दीर खुर्चीवर बसले. मला वाटलं, संपलं. पण त्यांच्यातही पाणी आहे. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, आणि ते मला आजही आठवतं:

"बरं. मग एक सांग. शास्त्र देवाचं आहे, हे तुला कोणी सांगितलं? शास्त्रातच लिहिलंय म्हणून? प्रत्येक दुकानदार म्हणतो माझाच काटा खरा. तू मानतेस का? नाही मानत. तुला ते आतूनच पटलं ना? मग तुझं आतलं खरं आणि आमचं आतलं पासंग, हे कसं?"

इतक्या वर्षांत दिरांनी जाऊबाईंना त्यांच्याच हत्याराने पहिल्यांदा गाठलं होतं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "हं! आता बोल."

जाऊबाईंनी सुरी खाली ठेवली. हात पदराला पुसले. आणि हसल्या की हो!

"माझा धंदा शिकलात की तुम्ही! बरोबर आहे तुमचं. आतूनच पटलं. खोटं कशाला बोलू? आणि पटवणारा तोच, हेही मानते. पण त्या आतल्या आवाजाने मला पुस्तकापाशी आणून बसवलं, आणि म्हणाला, आता हे ऐक. पुढे माझ्या नावाने काही वेगळं ऐकू आलं, तर मी ते पुस्तकापाशीच नेऊन ताडून बघणार. बाकावर ऐकलं तेही ताडून बघितलं होतं. जुळलं, म्हणून जपून ठेवलं. आपल्या शास्त्रातच आहे ना, पौलासारखा प्रेषित बोलून गेला तरी त्या गावचे लोक घरी जाऊन वचनं उघडून बघायचे. पौलाने त्यांना अविश्वासी म्हटलं नाही."

"म्हणजे मला तंबाखू सोडायला सांगितलं, ते खोटं?"

दिरांचा आवाज असा झाला होता, की आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघू लागलो.

"ते खरं," जाऊबाई लगेच म्हणाल्या. "त्याबद्दल मी कुणाशीही भांडेन. पण तंबाखू तुमची होती. बारकी तुमची तंबाखू नाही. तिच्यासाठी निरोप असेल तर देवाला आपलं घर माहीत आहे, आणि घरात ती कुठे झोपते तेही माहीत आहे."

अशी बाई माझी जाऊ आहे, हे मी मंडळीत मान वर करून सांगते. हरली तेवढं हरले म्हणाली, आणि जे हरली नव्हती त्यातलं तसूभरही सोडलं नाही.

पण खरी कसोटी अजून पुढेच होती. ती दाराकडून आली.

"आई," बारकी म्हणाली, "तुझं पारडं रिकामं आहे का?"

ती दारातून आत आली.

"मी कवळ्या बनवायचं काम शिकायला दुसऱ्या शहरात जाते म्हटलं, तेव्हा तू काय म्हणालीस? आपल्या हाताला काट्याचं वळण आहे, ते सोडून दुसऱ्यांचे दात कशाला घडवायचे? पाळकांशी लग्न झालं तर मी दुकानात बसणार नाही. तुला ते नको आहेत, की तुला दुकान हवंय?"

जाऊबाईंचा चेहरा मी नीट पाहिला. बाजारातला व्यापारी पासंग ठेवा म्हणाला होता तेव्हाही तो असा झाला नव्हता. त्यांनी सोललेला बटाटा हातात घेतला, परत ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझंही रिकामं नाही. दुकान आहे त्यात. तू या घरातून लांब जाऊ नयेस, हेही आहे."

"मग तुझं म्हणणंही मी ताडून बघणार."

"बघ. बघायलाच हवं." एवढं बोलून त्या खाली गेल्या. नंतर बराच वेळ दुकानातून कानशीचा आवाज येत राहिला. मी बटाटे पूर्ण केले. दीर शास्त्र उघडून बसले, या वेळी मनातल्या मनात वाचत.

त्यानंतरचे दिवस घरात कुणीच बारकीला काही विचारलं नाही. दिरांच्या ओठांवर कितीदा तरी काही आलं, पण त्यांनी ते परत आत ढकललं. जाऊबाई तर तिच्याशी भाजीचं आणि पाण्याचंच बोलत. मला त्या दुकानात म्हणाल्या, "मी काही बोलले तर ते दुकानच बोलेल. गप्प बसते." बोलणाऱ्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते मी रोज बघत होते. आणि त्या बसल्या.

रविवारी सकाळी सगळे टेबलाशी होतो. दीर टाय बांधत होते, सासूबाई पावाच्या कडा काढून बाजूला ठेवत होत्या. बारकी आपल्या खोलीतून तयार होऊन आली. तिने खुर्ची ओढली नाही. उभ्यानेच कपात चहा ओतला आणि म्हणाली:

"आज पाळकांनी विचारलं की मी नकार देणार आहे. देवाने सांगितलं असं मी म्हणणार नाही, कारण देव मला याबाबतीत काही बोललेला नाही, आणि लग्न करच असं शास्त्रातही मला कुठे सापडलं नाही. मला नको आहे, एवढंच सांगणार. मी एकटीच बोलणार, बाबांनी आणि आईने बाकावरच बसायचं. पुढच्या महिन्यात मी कवळ्यांचं काम शिकायला जाणार आहे. दुकानाचं काय करायचं ते आईने ठरवावं."